सत्त्याऐंशीव्या पानावरचा नी

शेवटी ठपका मास्तरांवरच आला. पण तसं काही झालंच नाही असं धरून सुरुवात करू या. मास्तरांनीही तसंच धरलंय.

गाण्याच्या या मास्तरांनी बावीस वर्षं खपून स्वरांच्या नियमांचं पुस्तक लिहिलं. सत्त्याऐंशीव्या पानावर नियम होता : ‘या चालीत नी हा स्वर चुकूनही घेऊ नये.’ खाली नमुन्याची एक ओळ होती आणि पहिल्या प्रुफात त्या ओळीच्या मधोमध नी ऐसपैस बसला होता. मास्तरांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला. दुसऱ्या प्रुफात नी तिथेच. तिसऱ्यात गोल मोठा झाला, नी तिथेच.

“अहो, काढा की त्याला!”

“काढू हो,” प्रकाशक जांभई आवरत म्हणाले. “एवढासा तर आहे. कुणाच्या लक्षात येतोय?”

“ताईच्या!”

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिनंच कान पिळून त्यांना गाणं शिकवलं होतं. आयुष्यात एकदाच शाबासकी दिली होती, तीही इंजेक्शन घेताना न रडल्याबद्दल. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं आणि शनिवारी पहिली प्रत तिच्या हातात पडायची होती.

बुधवारी चौथं प्रूफ आलं. नी जागच्या जागी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचं गुणगुणणं ऐकू आलं. तीच ओळ, नीसकट!

“हे कुठं शिकलीस?”

“आठवडाभर आंघोळ करताना तुम्हीच तर गाताय! ती मधली जागा काय गोड आहे हो.”

“जागा नाही ती, चूक आहे!”

“मग चूक गोड आहे.”

मास्तरांनी दार लावून गाऊन बघितलं. खरंच गोड होती. हे तर आणखी भयंकर! नी काही हलत नाही, तर आता नियमच हलवू, असं ठरवून त्यांनी ‘चुकूनही घेऊ नये’ खोडलं आणि ‘आवर्जून घ्यावा’ लिहिलं. मग पान एकशे बारावरचा ‘नी का घेऊ नये? सकारण लिहा’ हा प्रश्न उलटा केला. कारण मात्र सुचेना, म्हणून उत्तरात ‘बरा वाटतो’ एवढंच लिहिलं. धावतपळत जाऊन त्यांनी प्रुफं प्रकाशकांच्या टेबलावर टाकली.

“लाल दिसेल तेवढं सगळं करा! पाया पडतो!”

शनिवारी ताई खुर्चीत ताठ बसली होती. प्रकाशकांनी प्रत तिच्या हातात दिली आणि ते मास्तरांच्या कानाशी लागले, “चारही प्रुफं समोर घेऊन बसलो. लाल दिसेल ते सगळं केलं. तुमचा तो नीसुद्धा काढला बरं का!”

मास्तर प्रत काढून घ्यायला धावले.

तोवर ताईनं नेमकं तेच पान उघडलं. नियम वाचला. ओळ गायली. मग स्वतःच नी घालून, डोळे मिटून पुन्हा गायली.

“नी घ्यावा, हे छान सुचलं तुला.”

मास्तरांना भरून आलं.

“पण खाली ओळीत तो आहे कुठं? प्रुफं तपासतोस की झोपा काढतोस?”

“मी सांगत होतो त्यांना, नीट बघा म्हणून,” प्रकाशक हळहळले.

सोमवारी मास्तरांनी पत्र धाडलं :

‘महोदय, सदर पुस्तकाच्या पान ८७ वरील चूक दुरुस्त झाल्याचे निदर्शनास आले आहे. तरी छापून झालेल्या सर्व एक हजार प्रतींमध्ये ती चूक पूर्ववत करून मिळावी, ही विनंती.’