कार्ड आत जात नाही!

आमच्या ऑफिसात कुणाचाही कॉम्प्युटर अडला की पहिली हाक मला येते. प्रिंटरने कागद गिळला, मला हाक. स्क्रीन काळा पडला, मला हाक! मी जातो, कपाळाला आठ्या घालतो, गंभीरपणे 'हंऽऽ' म्हणतो, बटण बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. बहुतेक वेळा काम होतं. होत नाही तेव्हा "आतूनच गेलंय" असं सांगून मी चहाला जातो.

एवढ्या भांडवलावर माणसाने सासऱ्यांना गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडून द्यायचं कबूल करू नये. मी केलं! भर जेवणात, तोंडात घास असताना केलं!

त्याचं असं झालं. आमचे सासरे बस ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावरही स्कूटर काढून उगाच गावभर फिरून यायचे; म्हणायचे, "हाताला सवय राहते." मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वाचा, टीव्ही बघा, सगळं करा. पण रस्त्यावर गाडी चालवायची नाही." सासऱ्यांनी मान डोलावली, घरी आले आणि त्याच आठवड्यात स्कूटर विकून टाकली. तेव्हापासून खिडकीत बसून खालून जाणाऱ्या बसेस बघत राहायचे आणि पुटपुटायचे, "क्लचवर पाय ठेवून चालवतोय गाढव!" घरात दुसरं काही बोलायचेच नाहीत.

बायकोने त्यांना फोनवर बस चालवायचा एक गेम काढून दिला. सासरे हरखले! पण फोन दोन्ही हातांत स्टिअरिंगसारखा धरून त्यांनी पहिलंच वळण असं काही घेतलं, की बस राहिली रस्त्यावर आणि सासरे गेले सोफ्याखाली.

"मोठ्या स्क्रीनवर खेळायला हवा," बायको म्हणाली. "पण त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो. आणि तयार घ्यायचा तर केवढ्याला पडेल!"

"तयार कशाला? सुटे भाग आणू, मी जोडतो. स्कूटरच्या पैशांत आरामात बसेल!" मी म्हणालो.

"तू जोडणार? तू मिक्सर उघडला होतास ना, त्याचा एक स्क्रू अजून फ्रिजवर पडलाय."

"तो जादाचा होता!"

यावर सासरे म्हणाले, "जावईबापू म्हणतायत म्हणजे जमेलच."

आमच्या सासऱ्यांचं हेच अवघड आहे! ड्रायव्हरच्या खिडकीतून त्यांनी अख्ख्या गावाला शिव्या घातल्या असतील. पण जावई म्हणजे काचेचं सामान. दोन्ही हातांनी उचलायचं, हळूच ठेवायचं. मी दिवसाला रात्र म्हटलं तर हा माणूस उठून दिवे लावेल!

मी कामाला लागलो. आठवडाभर व्हिडिओ बघितले. प्रोसेसर म्हणजे मेंदू, मदरबोर्ड म्हणजे सगळं जिच्यावर बसतं ती पाटी, आणि गेममधली चित्रं हलवतं ते ग्राफिक्स कार्ड. बरीचशी पुंजी त्या कार्डात घालायची, एवढं मी ठरवून टाकलं. आणि हे सगळं ज्या डब्यात बसवायचं ते कॅबिनेट. डबा काय, कुठलाही चालतो!

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बसलेला गृहस्थ होता. मी तीन पंख्यांचं, एखाद्या पाटासारखं लांबलचक कार्ड पसंत केलं. सासरे कॅबिनेटच्या रांगेत शिरले. एकेका डब्यावर थाप मारली, झाकण उघडून लावून आवाज ऐकला, वाकून खालून बघितलं आणि सगळ्यांत लहान डबा बगलेत मारून आले.

"ही बरी वाटते. छोटी आहे. वळवायला सोपी."

"बाबा, ही वळवायची नसते," असं मी म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मला म्हणवेना.

दुकानदाराने चष्मा खाली घेतला. "साहेब, कार्डाची लांबी मोजलीत ना? या कॅबिनेटमध्ये..."

"अहो, रोजचं काम आहे आमचं!" मी म्हणालो.

त्याने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

सासऱ्यांनी बँकेचं कार्ड माझ्या हातात दिलं, "तुम्हीच द्या, मला मशीनचे आकडे दिसत नाहीत," म्हणाले. मी पैसे दिले आणि कार्ड माझ्याच खिशात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ऑपरेशन सुरू झालं. व्हिडिओत बजावून सांगितलं होतं, की अंगात साचलेल्या विजेने नाजूक भाग जळतात, म्हणून मधूनमधून एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावावा. मी शहाणा! प्रत्येक स्क्रूनंतर उठून स्वयंपाकघरात जायचो, नळाला हात लावायचो आणि परत यायचो.

"अगं, जावयांना काही होतंय का?" सासूबाई बायकोला विचारत होत्या. "सारखे येतात, नळाला हात लावतात आणि जातात. पाणी पीत नाहीत, हात धूत नाहीत. नुसता हात लावतात!"

"त्याचं असंच असतं, आई," बायको म्हणाली. काय हा विश्वास!

तरी काम झकास चाललं होतं. प्रोसेसर बसला, मेमरी बसली, वायरी लागल्या. सासरे शेजारी स्क्रूड्रायव्हर धरून असे उभे होते, की वाटावं मी हृदय बदलतोय. शेवटी मी ते भलंमोठं कार्ड उचललं आणि डब्यात घातलं.

जाईना! आडवं केलं, तिरकं केलं, शेपटीकडून घातलं. लिफ्टमध्ये पलंग घालावा तसा प्रकार! चार बोटं कार्ड बाहेरच.

"बसतंय ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"बसतंय, बसतंय! जरा... रुळायला वेळ लागतो." असं म्हणून मी गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं आणि दुकानदाराला फोन लावला. हळू आवाजात बोलत होतो, पण गॅलरीला लागून स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत सासूबाई होत्या.

त्यांना ऐकू आलं ते एवढंच: "कार्ड आत जात नाहीये हो! अर्धं जातं आणि अडकतं! जोर लावला तर मोडेल... अहो, बाबांचे सगळे पैसे त्या कार्डातच आहेत! नाही, नाही, घरात कुणाला सांगितलेलं नाही!"

आता सांगा, यात त्या माउलीचा काय दोष?

दुकानदार म्हणाला, उघडलेलं कॅबिनेट परत घेणार नाही, मोठं नवीन घ्यावं लागेल. मी आत येऊन सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, दुकानात जरा जाऊन येऊ. एक बारीकसा भाग राहिलाय." त्या बारीकशा भागाची उंची कमरेपर्यंत होती, हे बोललो नाही. कार्ड आणि डबा पिशवीत घालून निघालो.

दुकानात मोठं कॅबिनेट निवडलं. मी खिशातून सासऱ्यांचं कार्ड काढून दिलं. दुकानदाराने ते मशीनला लावलं. मशीनने टुंइं केलं. पुन्हा लावलं. पुन्हा टुंइं!

"चालत नाही, साहेब. बंद आहे हे कार्ड."

"असं कसं?" सासरे पुढे आले. त्यांनी कार्ड शर्टाला पुसलं, उलटसुलट करून बघितलं, परत दिलं. टुंइं! मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती उगाच छताकडे बघायला लागली.

मी घाईघाईने माझं पाकीट काढलं. "बाबा, मी देतो, आपण नंतर..."

"नको, जावईबापू." आवाज मऊ होता, पण त्यात हँडब्रेक ओढल्यासारखं काहीतरी होतं. "गाडी माझी आहे. डिझेल माझंच हवं. नाहीतर राहू दे. माझी हौस होती, एवढंच."

असं म्हणून ते दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे बघत. समोरून एक बस गेली. तिला त्यांनी शिवीसुद्धा दिली नाही! वाटलं, सगळं खरं सांगून टाकावं. सांगितलंच. "बाबा, चूक माझी आहे. मी मोजलंच नाही. मला यातलं धड काही येत नाही. ऑफिसातही मी नुसतं बटण बंद-चालू करतो!"

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. ते काही बोलणार, एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. अख्ख्या दुकानाला सासूबाई ऐकू आल्या.

"अहो, घाबरू नका! तुमचं कार्ड मशीनमध्ये अडकलंय ना? जावयांनी लपवलं तरी मला कळलं! मी बँकेत फोन करून बंदच करून टाकलं कार्ड! आता कुणाचा बाप एक पैसा काढू शकणार नाही!"

मग दुकानदाराचा चष्मा कपाळावरून घरंगळून नाकावर आला आणि तो हसत सुटला. मागची गिऱ्हाइकं हसली. सासऱ्यांना प्रकार समजायला थोडा वेळ लागला. पण समजल्यावर तेही असे हसले, की त्यांना काउंटरचा आधार घ्यावा लागला. फोनमधून "काय झालं? अहो, काय झालं?" चालूच होतं!

डोळे पुसत दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही खेळणार कुठला गेम?"

"बस चालवायची."

"बस? मग हे तीन पंख्यांचं धूड कशाला? याने युद्धं खेळतात! हे कार्ड अजून विजेला लागलेलं नाही, मी परत घेतो. एका पंख्याचं छोटं देतो, तुमच्या डब्यात बसेल. उरलेल्या पैशांत दुकानातलं दुसरं काही घ्या."

दुसरं काय घ्यायचं ते विचारायची गरजच पडली नाही. सासऱ्यांची नजर आधीच वरच्या फळीवर गेली होती. तिथे खरंखुरं गोल स्टिअरिंग होतं! सोबत पायाने दाबायची तीन पेडल. क्लचसकट!

घरी आल्यावर छोटं कार्ड पहिल्या झटक्यात बसलं. मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, टीव्हीवर चित्र आलं. सगळ्यांत जास्त मीच दचकलो.

रविवारी दुपारी पहिली फेरी निघाली. सासरे बूट घालून आले. धुतलेल्या फरशीवर बूट! सासूबाईंनी उलट खुर्ची पुढे सरकवून दिली. सासऱ्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला, क्लच दाबला, गिअर टाकला. पडद्यावरची बस हळूच डेपोबाहेर पडली. पहिल्या थांब्यावर एक बाई पिशव्या घेऊन पळत येत होती. सासरे तिच्यासाठी थांबले! गेममधल्या बाईसाठी!

मी शेजारी बसून मार्गदर्शन सुरू केलं. "बाबा, इथून उजवीकडे... स्पीड वाढवा ना... ते निळं बटण दाबलं की..."

"ए! चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही! मागे जाऊन बस!"

सासूबाईंच्या हातातली बशी वाजली. बायकोने तोंडात पदर कोंबावा तशी सोफ्याची उशी कोंबली. आणि मला काय वाटलं सांगू? इतकी वर्षं या घरात पाहुणा होतो, आता घरातला झालो, असं वाटलं!

मी निमूट मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. इंजिनाची ती एकसुरी घरघर, पडद्यावर डुलत जाणारी झाडं, पोटात रविवारचं जेवण. डोळा कधी लागला कळलंच नाही. मग कुणीतरी खांदा हलवला.

"उठा, शेवटचा स्टॉप आला!" सासरे.

मी धडपडत उठलो, बॅग खांद्याला अडकवली, चपला घातल्या आणि उतरलो. जिना उतरून थेट फाटकापर्यंत पोचलो, तेव्हा वरून बायकोची हाक आली, "अरे, कुठे निघालास?"

आता काय सांगणार! म्हटलं, "काही नाही. गर्दी होण्याआधी उतरून घेतलं."