बोंग दाल्सिक आणि फाटक्या आवाजाचं प्रकरण

बोंग दाल्सिक यांच्या कार्डावर तीन ओळी होत्या. पहिलीत नाव. दुसरीत ‘खासगी गुप्तहेर’. तिसरीत, ‘गुन्हा कितीही लहान असो, आम्ही तो मोठा करतो.’ या तिसऱ्या ओळीत काहीतरी गडबड आहे, असं त्यांची बायको ओक्पुन छापायच्या आधीच म्हणाली होती. पण गुप्तहेराने बायकोचं ऐकलं तर गुन्हेगारांना धाक कसला राहणार, म्हणून पाचशे कार्डं तशीच छापली गेली. त्यातली चारशे ब्याण्णव अजून कपाटात आहेत.

“माझ्यासारखी नजर अख्ख्या जोंजू शहरात नाही,” असं ते कुणालाही सांगत, न विचारणाऱ्याला जरा जास्तच. “एकतीस वर्षं बस स्थानकात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसलो. नुसती छत्री बघून मालकाचा स्वभाव सांगायचो.”

हे अगदी खरं होतं. मालक दरवेळी दुसराच निघायचा, एवढंच.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जाड वही केली आणि तिच्यात चार रकाने आखले: गुन्हा, संशयित, हेतू, निकाल. “हेतू सापडला की गुन्हेगार सापडलाच म्हणून समज,” असं ते ओक्पुनला बजावत. आजवर वहीत दोनच निकाल लागले होते. चष्मा कपाळावर सापडला होता आणि किमचीचा डबा किमचीच्या फ्रिजमध्ये.

आता तिसरं प्रकरण चालू होतं, आणि ओक्पुनच्या दृष्टीने ते मुळीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

ओक्पुन पंचविसाव्या वर्षापर्यंत गात होती. ढोलाच्या साथीने उभ्याने एकटीने गोष्ट गायची, आवाज खरवडून काढायचा, असं ते गाणं. मग लग्न झालं, सासूबाईंचं आजारपण आलं, सुजिनचा जन्म झाला, आणि बेचाळीस वर्षं कशी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. यंदा शहराने साठीपुढच्या गायकांची मैफल ठरवली होती. निवडणार आठच जण. घरीच रेकॉर्डिंग करायचं, आठ मिनिटं सलग, मध्ये जोडकाम नाही. तिने पाठवलं आणि चार दिवसांत उत्तर आलं: ‘आवाज फाटलेला आहे. एकदाच पुन्हा पाठवता येईल.’ मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

ते पहिलं धरून दहा वेळा गाऊन झालं होतं. दहाही वेळा फाटलं. म्हणजे सगळं नाही. छान चाललेलं असायचं, आणि मध्येच एखाद्या जागी ‘खर्र’. लॅपटॉपवर आवाजाची जी पट्टी हिरवी नाचत असते ती तेवढ्यापुरती लालभडक व्हायची.

मुलगी सुजिन बुसानला असते. माईक आणि एक बोटभर बटणाची पेटी तिनेच पाठवली होती. ते बटण फिरवलं की आवाज आत किती घ्यायचा ते ठरतं. “आई, आधी थोडं बोलून बघ,” ती फोनवर म्हणाली होती. “पट्टी हिरवी दिसली की झालं.” ओक्पुनने ‘एक, दोन, तीन’ म्हणून बघितलं होतं. पट्टी जेमतेम हलली, म्हणून बटण बरंच पुढे फिरवलं. मग हिरवीगार. त्यानंतर बटणाला कुणी हात लावायचा नाही, असा दाल्सिकनी हुकूम काढला. पुराव्याशी छेडछाड नको. माईक तर त्यांनी स्वतःच्या गुडघ्याशीच ठेवला होता, पहाऱ्याला. कारण ढोल तेच वाजवत.

“पहिला संशयित,” दाल्सिक वही उघडून म्हणाले, “खालच्या मजल्यावरच्या प्यो बाई.”

“अहो, त्या कालच भोपळा देऊन गेल्या.”

“तेच तर. तासावर गाण्याच्या खोल्या भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. लोक घरी गायला लागले तर खोल्या कोण घेणार? हेतू, धंदा.” त्यांनी लिहिलं. मग दिवसभर जमिनीला कान लावून बसले. खाली प्यो बाई घरी नव्हत्याच.

दुसरा संशयित किमचीचा फ्रिज. तो मधूनच घुर्र करतो हे खरं. दाल्सिकनी तो बंद केला, गाणं झालं, तरी खर्र आलंच. फ्रिज मात्र संशयित म्हणून बंदच ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी आंबलेल्या कोबीचा घरभर असा वास सुटला, की ओक्पुनला वरच्या सुरांसाठी श्वास घेणं जड झालं.

तिसरी संशयित म्हणजे नदीपलीकडची योन्ह्वा. तिनेही मैफलीसाठी नाव दिलं होतं. हेतू, मत्सर. “दुरून लहरी सोडत असेल,” दाल्सिक म्हणाले. कसल्या लहरी, ते त्यांनी सांगितलं नाही. खिडक्यांना मात्र आतून चंदेरी कागद चिकटवले.

आणि आज दुपारी, दहावं रेकॉर्डिंग ऐकताना, ते एकदम ताठ बसले.

“सुजिनची आई, हे ऐक. खर्र येतं तेव्हा मी काय करत असतो?”

“ओलशीगू म्हणता.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

आता इथे सांगायला हवं, की या गाण्यात ढोलवाल्याने दाद देण्याची रीतच आहे. गाणं रंगलं की त्याने पोटातून ‘ओलशीगू’ म्हणायचं. रंगलं नाही तर गप्प बसायचं. ढोलवाला मुरलेला असेल तर त्याला हे ठरवावं लागत नाही, तोंडातून आपोआप निघतं. दाल्सिक तरुणपणी याच ओक्पुनला साथ करत होते, लग्न त्यातूनच जमलं. नंतर बेचाळीस वर्षांत जेवणाला त्यांनी कधी ‘बरं झालंय’ म्हटलं नव्हतं, ते जाऊ दे.

“म्हणजे निशाणा तू नाहीस,” दाल्सिक हळूच म्हणाले. “निशाणा मी आहे. माझ्या प्रत्येक ओलशीगूवर कुणीतरी नेम धरून हल्ला करतंय. एखादा जुना वैरी.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे चंदेरी कागदाकडे. “सत्त्याण्णव साली एकाला चुकीची छत्री दिली होती. तो असणार.”

“आणि सत्तावीस वर्षं थांबला?”

“मुरलेला गुन्हेगार आहे.”

साडेतीन वाजले होते. आपण पुन्हा एकदा गाणं सोडणार, आणि या वेळी सासूबाईंचं निमित्तही नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. तिने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

“राहू दे. नाही जमत ते नाही जमत,” ती म्हणाली.

दाल्सिकनी वही खाली ठेवली. हे त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं, बेचाळीस वर्षांपूर्वी.

तेवढ्यात दारावर थाप पडली. प्यो बाई उकडलेली कणसं घेऊन उभ्या होत्या.

“ताई, रागावू नका हं,” त्या आत येत म्हणाल्या. “आठवडाभर तुमचं गाणं ऐकायचं म्हणून कान लावतेय. तुमचं काही खाली येत नाही. भाऊजी मात्र येतात. दुपारची झोप लागली की ओलशीगू. आमचं मांजर कपाटावर जाऊन बसलंय.”

दाल्सिकनी भुवया वर केल्या. संशयित आपल्या पायांनी चालत आली होती. ओक्पुनने मात्र सगळं सांगून टाकलं. प्यो बाईंनी झाकण उघडलं, एक खर्र ऐकलं आणि कणीस खात विचारलं, “बटण लावलं तेव्हा कोण काय बोललं?”

“मी एक-दोन-तीन म्हटलं.”

“कसं? आत्ता म्हटलंत तसं? कुजबुजत?”

“शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.”

“आणि भाऊजी?”

“मी गप्प होतो,” दाल्सिक ताठ मानेने म्हणाले. “एक-दोन-तीनमध्ये दाद देण्यासारखं काय असतं?”

“आणि माईक कुठे होता?”

“माझ्या गुडघ्याशी. पहाऱ्यात.”

प्यो बाईंनी कणीस खाली ठेवलं. “भाऊजी, वीस वर्षं माईक सांभाळतेय मी. बटण लावलंत कुजबुजीच्या मापाचं, आणि त्याच्या कानाशी बसून बोंब ठोकता तुम्ही. फाटणार नाही तर काय? बटण नेहमी सगळ्यात मोठ्या आवाजावर लावायचं, वर थोडी जागा सोडून. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही.”

दाल्सिकनी आपल्या गुडघ्याशी असलेल्या माईककडे पाहिलं.

“गुन्ह्याच्या वेळी मी कुठे होतो, याचा विचार व्हायला हवा,” ते म्हणाले.

“माईकच्या शेजारी,” ओक्पुन म्हणाली.

माईक उचलून ओक्पुनसमोर ठेवला गेला. दाल्सिक ढोलासकट भिंतीशी. प्यो बाईंनी बटणावर बोट ठेवलं. “हं, भाऊजी, ओरडा.”

“ओलशीगू,” दाल्सिक म्हणाले. रांगेत पुढच्या माणसाला वेळ विचारावी तसं.

“मोठ्याने हो.”

त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मान खाली घातली. “नाही येत. गाणं नसताना येत नाही. बळेबळे आणायला ती काय शिंक आहे?”

ओक्पुनने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उभी राहिली, आणि नदीकाठी होडी हुकलेली बाई पलीकडच्या माणसाला हाक मारते ती जागा तिने गायली. सगळ्यात वरची, सगळ्यात खरवडलेली.

“ओलशीगू.” भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

पट्टी लाल झाली. प्यो बाईंनी बटण मागे घेतलं. “पुन्हा.” ती पुन्हा गायली, ते पुन्हा ओरडले. अजून मागे. तिसऱ्यांदा पट्टी लालच्या आधीच्या पिवळ्याच्या जरा खालीच थांबली. “आता कुणी हात लावू नका,” प्यो बाई म्हणाल्या, आणि हा हुकूम मात्र पाळला गेला.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी अकरावं रेकॉर्डिंग गेलं. आठ मिनिटं, नऊ ओलशीगू, खर्र एकही नाही. प्यो बाई मांजराला उतरवायला खाली गेल्या. दाल्सिकनी टेबलाशी बसून वहीत काहीतरी लिहिलं, आणि ते फ्रिज चालू करायचं निमित्त करून घाईघाईने स्वयंपाकघरात सटकले.

ओक्पुनने लॅपटॉपवर जुनी दहा रेकॉर्डिंगं काढली, पुसून टाकावीत म्हणून. लाल रेघा मोजल्या. सत्तेचाळीस भरल्या. एकेक लावून बघितली तर प्रत्येक लाल रेघ नेमकी तिथेच होती, जिथे गाताना तिला स्वतःलाही वाटलं होतं, की आज गळा लागला. कुठलंही पुसायला तिचा हात होईना.

मग तिने वही ओढली.

गुन्हा: आवाज फाटणे. संशयित: बोंग दाल्सिक. निकाल: कबुली.

हेतूच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलं होतं. खाली, बारीक अक्षरात: ‘गाणं फार चांगलं होतं.’

ओक्पुनने ते दोनदा वाचलं. निवड होवो न होवो, हे तिला मिळालं होतं. तिने पेटीची वायर काढून ठेवली आणि आत हाक मारली.

“सुजिनचे बाबा, फ्रिज राहू द्या. ढोल घेऊन या.”

“का? काही बिघडलं का?”

“नाही. रेकॉर्डिंग बंद आहे,” ती म्हणाली. “आता हवं तेवढं ओरडा.”