फुलाबाईंचं जीवनमान

जीवनमान मोजता येतं, आणि जे मोजता येत नाही त्याचा रुग्णानं फार विचार करू नये, अशी फिजिओथेरपिस्ट उत्कर्षाची श्रद्धा होती. (बारामतीच्या श्वसन पुनर्वसन केंद्रात तिच्याकडे स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि तीन रंगांची पेनं होती. शंकेला जागाच नव्हती.)

निरवांगीच्या फुलाबाईंची फुप्फुसं चुलीच्या धुरानं कामातून गेली होती. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं त्यांना शिकवावं लागलं नाही. तीस वर्षं विस्तव फुंकताना तो सराव झाला होता. उत्कर्षानं हिरव्या पेनानं लिहिलं : ‘तंत्र उत्कृष्ट.’

जीवनमानाची प्रश्नावली त्यांच्या वतीनं यजमान सोपानराव भरत, कारण फुलाबाईंना चार शब्दांपुढं दम पुरत नसे.

“घरातले संबंध कसे आहेत?” उत्कर्षानं विचारलं.

“लई सुधारलं, मॅडम. आदी शबुद खाली पडू देत न्हवती. आता कशी समजूतदार झाली हाय!”

“आवो, त्यो गॅस...” फुलाबाईंचा दम संपला.

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. बघा मॅडम, हट्ट म्हनून न्हाय.”

उत्कर्षानं ‘उत्तम’वर खूण केली. शेरा : रुग्ण अत्यंत सहकार्यशील. (गॅसचं पुढं काय, हे तिनंही विचारलं नाही. रकाना भरला होता.)

आठ आठवड्यांत फुलाबाई सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत दोनशे दहा मीटरवरून दोनशे ऐंशीवर गेल्या. नवव्या आठवड्यात, केंद्रातच, त्यांनी वाक्य पुरं केलं.

“घरात गॅस येऊन सा वर्सं झाली, त्यो तुमी पावन्यांच्या च्यापुरता झाकून ठिवलाय. तुमास्नी भाकर चुलीवरची गोड लागती म्हनून म्या धूर गिळायचा व्हय? आजपासनं भाकर गॅसवर! चूल पायजे आसंल तर तुमी फुका!”

सोळा सेकंद, मधे फक्त दोन श्वास. उत्कर्षानं कौतुकानं हिरवं पेन उचललं, पण यासाठी रकाना नव्हता.

सोपानरावांनी अखेरची प्रश्नावली गंभीरपणे भरली. संबंध : बिघडले. घरातली शांतता : गेली. जीवनमान एकोणीस गुणांनी घसरलं. उत्कर्षानं बेरीज तीनदा तपासली. ती बरोबर होती. आठ आठवडे आपण जीवनमान नेमकं कुणाचं मोजत होतो, एवढंच तपासायचं राहून गेलं होतं.

जीवनमानाची पाहणी अजून चालू आहे. आपल्याही घरात अलीकडे कुणी समजूतदार झालं असल्यास कळवावं. त्यांच्या वतीनं उत्तर आपणच भरलंत तरी चालेल. तशीच पद्धत आहे.