द्वारकाकाकूंचा समुद्र आणि त्र्यंबकरावांची बोट

एका जंगलात, मुलांनो... कुठल्या ते विचारू नका. सांगितलं की तुम्ही लगेच तिथे जायचा बेत कराल, चार जणांना फोन कराल आणि शेवटी घरीच बसाल. तर एका जंगलात त्र्यंबकराव नावाचं एक खवल्या मांजर राहत होतं.

खवल्या मांजर म्हणजे मांजर नव्हे. दात काढू नका, ऐका. अंगभर खवले, लांबलचक जीभ, आहार मुंग्या. जरा भीती वाटली की ते गुंडाळी करून स्वतःचा चेंडू करून टाकतं. मग वाघ आला तरी तो चेंडू उघडत नाही. त्र्यंबकराव तर वाघ नसतानाही चेंडू करायचे. पाहुणे येणार म्हटलं की चेंडू. जावई राहायला येणार म्हटलं की चेंडू. बाकी प्राणी सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्यांची बायको द्वारकाकाकू. काकूंना समुद्र बघायचा होता. त्यांच्या बिळासमोरून एक नदी जायची. "ही बया रोज एवढं पाणी नेते, ते कुठे नेऊन ओतते, ते एकदा बघायचंय मला," असं त्या लहानपणापासून म्हणायच्या. लग्न झालं तेव्हा त्र्यंबकराव म्हणाले, "नेतो." मग मुलं झाली, बीळ वाढवायला काढलं, मुलांची लग्नं झाली. दर वर्षी त्र्यंबकराव मनापासून म्हणायचे, "नेतो."

आता खवल्या मांजरांची नजर मुळातच अधू. काकूंची तर अगदीच उतरत चालली. जंगलातले वैद्य म्हणजे एक म्हातारं घुबड. त्यांनी काकूंच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "द्वारकाबाई, काय बघायचं ते या हिवाळ्यात बघून घ्या. पुढच्या हिवाळ्याची हमी मी देत नाही."

त्र्यंबकराव हादरले. उन्हाळ्यात नदी आटायची, पावसाळ्यात खवळायची. बोटी निघायच्या त्या हिवाळ्यातच.

"ठरलं!" ते म्हणाले. "या हिवाळ्यात समुद्र. पण नीट बघून-सवरून."

हा 'पण' फार वाईट असतो, बाळांनो. यात संसार बुडतात, बोटीचं काय घेऊन बसलात!

जंगलात एक मोठी बोट होती, हत्तीची. त्र्यंबकरावांनी ती लगेच बाद केली. "तिच्यावर अख्खं जंगलच चढतं. जेवायला रांग, आंघोळीला रांग, सूर्यास्त बघायला रांग. मग जंगल सोडून जायचंच कशाला? त्यापेक्षा छोटी बोट बरी. माणसं कमी. अरुंद खाडीतही शिरते. काठावरच्या बगळीची पिल्लं मोजता येतील इतक्या जवळून जाते."

हे त्यांचं बरोबर होतं. मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल त्र्यंबकराव मूर्ख होते. ते हुशार होते. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

छोटी बोट ठरली, पण निवडायची कशी? त्र्यंबकरावांना निवड करायची एकच रीत ठाऊक होती. जावई त्याच रीतीने निवडला, सून त्याच रीतीने आणली. त्यांनी बोटवाल्यांना घरी बोलावून बघण्याचा कार्यक्रम ठेवला.

बोटवाला यायचा. त्याला पाटावर बसवायचं. आतून काकू कांदेपोहे घेऊन यायच्या, वरून खोबऱ्याऐवजी ताज्या मुंग्या पेरलेले. मग त्र्यंबकराव घसा खाकरायचे.

"मूळचे कुठले आपण?"

"बोटीचं वय काय? खरं सांगा हं, पत्रिकेत सगळेच कमी लावतात."

"आधी कुठे खडकाला लागली होती का? असेल तर आत्ताच बोला, मागाहून कळलं की मनं दुखावतात."

हळूहळू ते खोलात शिरायचे. खोली कुठे देणार? यंत्राशेजारी नको, रात्रभर घरघर. टोकाला नको, झोके जास्त. मधली आणि खालची असेल तरच बोला. काठाला उतरवणार, की नुसतं लांबून "ते बघा देऊळ" म्हणून हात हलवायला लावणार? सोबतचे प्रवासी कोण? छोट्या बोटीवर एक जरी खडूस निघाला तर पळायला जागा नसते. भाड्यात काय काय आलं? आणि मुंग्या मिळतील ना? आम्हाला दुसरं काही चालत नाही.

प्रश्न चांगले होते. तुम्हीही विचारत जा. फक्त उत्तर मिळालं की थांबत जा.

आणि काकू कुठे होत्या? आत, चुलीपाशी. असल्या कार्यक्रमांत ज्याच्यासाठी सगळं चाललेलं असतं ते माणूस नेहमी आतच असतं.

पहिला आला मोर. बोट देखणी! खोलीखोलीत आरसे, रेशमी पडदे.

"बाहेर बसायला जागा?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"बाहेर?" मोर गोंधळला. "बाहेर काय आहे?"

"कळवतो," त्र्यंबकराव म्हणाले. आमच्याकडे 'नाही' कुणी तोंडावर म्हणत नाही, 'कळवतो' म्हणतात. तो मोर बिचारा अजून वाट बघतोय.

मग आली माकडं. त्यांच्या बोटीवर करमणुकीला तोटा नव्हता. पहाटे उठल्या उठल्या सगळ्यांनी गोल करून टाळ्या वाजवायच्या, मग संगीतखुर्ची, मग वेशभूषा, जेवताना अंताक्षरी.

"वाजवीन मी टाळ्या," काकू आतून म्हणाल्या. "समुद्रापर्यंत जाते ना बोट?"

"अगं, मनःशांतीचं काय?" त्र्यंबकराव म्हणाले. "कळवतो हं."

मग आली मगर. काय तिचं वागणं, काय ते गोड बोलणं! खोली मधली, खालची. काठाला रोज उतरणार. मुंग्या म्हणाल तितक्या.

"प्रवाशांच्या काही तक्रारी?"

"आजवर एकही नाही," मगर म्हणाली.

"एकही नाही! परत आलेल्या एखाद्या प्रवाशाशी बोलता येईल का?"

"परत आलेल्या..." मगर जराशी घुटमळली. "तसं कुणी... नाही हो."

"बघा! लोक इतके रमतात की परतच येत नाहीत!" त्र्यंबकराव खूश झाले. "अगं, ऐकलंस का? गुळाचा खडा आण. ठरलं म्हणायचं!"

काकू गुळाची वाटी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "ही पोह्यांकडे बघत नाहीये. ही तुमच्याकडे बघतेय."

झाला चेंडू. मगर बराच वेळ बसली, तिने चेंडूला चार बाजूंनी हुंगून बघितलं आणि ती निघून गेली. पोहे तसेच होते.

असे पुष्कळ आले, पुष्कळ गेले. कुणाच्या बोटीला वास येत होता, कुणाचा खलाशी उर्मट होता. एकाचं तर सगळंच जुळलं, पण "इतकं कसं जुळतं?" म्हणून त्र्यंबकरावांना संशय आला. इकडे हिवाळा सरत आला. घाटापाशी नदीतले दगड दिसायला लागले.

एक दिवस काकूंनी पोह्यांची बशी नेली आणि पाहुण्यासमोर न धरता दारातल्या वारुळासमोर धरली. "घ्या ना, लाजू नका," असंही म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी ते पाहिलं. मग त्यांनी काय करावं? चौकशी आणखी कसून सुरू केली. हिच्या वाट्याला एकच प्रवास आहे, त्यात खोट राहता कामा नये, असं त्यांनी घेतलं मनावर. प्रेम होतं हो, नाही म्हणू नका. काहींचं प्रेम असंच चौकश्या करत हिंडतं.

सगळ्यात शेवटी आला हिरोजी नाखवा. जातीने पाणमांजर. बोट जुनी, बुटकी, रंग उडालेली. त्याने पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले.

"खोली कुठली द्याल?"

"सगल्या खोल्या लहानच हायत. आत बसायला कशाला येताव?"

"बोट हलते का?"

"समिंदराच्या तोंडाशी हलते. उलटी व्हते. मग बरा वाटतं."

"वेळेवर पोचेल?"

"ते भरती ठरवंल."

"मुंग्या?"

"माझे बोटीवर? न्हाय बा. मासली हाय."

त्र्यंबकरावांचे खवले उभे राहिले. "आणि समजा, ऐन वेळी ढग आले तर?"

"तर ढग बघायचं," हिरोजी म्हणाला.

"कळवतो," त्र्यंबकराव म्हणाले.

हिरोजीने बशी खाली ठेवली आणि आत बघून विचारलं, "बाय, यांचा झाला इचारून. तुला काय बघायचा हाय?"

काकूंच्या हातातला झारा तसाच राहिला. इतक्या बोटी येऊन गेल्या, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्र्यंबकरावांनीसुद्धा नाही.

"समुद्र," त्या म्हणाल्या.

"मग उद्या सकाली घाटावर ये. पानी उतरलाय. ही शेवटची खेप."

सकाळी त्र्यंबकराव काकूंबरोबर घाटावर आले. खांद्याला वाळवीच्या लाडवांचा डबा. चेहरा असा, की जणू मुलगी सासरी निघाली आहे. काकू फळीवर चढल्या. त्र्यंबकरावांनी फळीवर एक पाय ठेवला. फळी हलली.

"अगं," ते म्हणाले, "याच्या आधीच्या प्रवाशांकडे चौकशी राहिलीच की. पुढच्या हिवाळ्यात नीट..."

"पुढच्या हिवाळ्यात मला ही फळीसुद्धा दिसायची नाही हो," काकू म्हणाल्या. "समुद्र तर लांबच."

त्र्यंबकरावांनी घाटावरच चेंडू केला.

काकू परत खाली उतरल्या. चेंडू थरथरत होता. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. "घाबरू नका. चुलीवर मुंग्यांची पेज ठेवलीय, झाकण आहे त्यावर. येते मी." डबा उचलून त्या बोटीत जाऊन बसल्या. हिरोजीने फळी ओढून घेतली.

काकू परत आल्या तेव्हा सगळं जंगल घाटावर जमलं होतं. छोट्या बोटीने समुद्रापर्यंत जाऊन आलेलं त्या जंगलातलं ते पहिलंच माणूस.

"खोली कुठली मिळाली?" सांबराने विचारलं.

"कोण जाणे. मी खोलीत गेलेच नाही."

"जेवण कसं होतं?" अस्वलाने विचारलं.

"मासे होते वाटतं. मी लाडू खाल्ले. तेही उलटून पडले."

"एकूण प्रवासी किती? बोटीचं नाव काय? टॉवेल देतात का?"

काकूंना एकाचंही उत्तर येईना. अस्वल वैतागलं. "अहो काकू, मग तुम्ही बघितलंत तरी काय?"

"समुद्र."

"ते ठीक आहे हो. पण माहिती?"

सगळे हळहळले. एवढी संधी वाया घालवली बाईने, म्हणाले. मग ते त्र्यंबकरावांकडे वळले. "त्र्यंबकराव, तुम्हीच सांगा बुवा. बोट कुठली घ्यावी?" आणि त्र्यंबकरावांनी सांगितलं. मधली खोली, खालची खोली, यंत्र, झोके, खडूस सहप्रवासी, सगळं. ऊन उतरेपर्यंत सांगत होते. लोक माना डोलवत होते. काकू डबा घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी त्र्यंबकराव घरी आले. काकू दारात बसल्या होत्या. ते शेजारी बसले. मग एकदाचं विचारलं, "कसा असतो गं?"

काकू म्हणाल्या, "मला वाटलं होतं, नदीसारखाच असेल, जरा मोठा. पलीकडचा काठ दिसेल. मी बघतेय, बघतेय, काही दिसेना. नुसतं पाणी. मी रडायलाच लागले हो. म्हटलं, उशीर झाला, डोळे गेले माझे. मग नाखवा म्हणाला, 'बाय, रडू नको. हितून पलीकडचा काठ कुनालाच दिसत न्हाय.'"

"मग मी डोळे पुसले आणि पोटभर बघितलं," काकू म्हणाल्या. "तिथे सगळ्यांना माझ्याइतकंच दिसत होतं."

त्र्यंबकरावांनी हळूच आपली लांब जीभ काढली आणि काकूंच्या खांद्यावरचा एक खवला चाटला. खारट लागला. त्यांनी दुसरा चाटला. तोही खारट. त्यांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. चेंडू मात्र त्यांनी केला नाही. काकूंच्या खांद्यावर डोकं टेकून ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्वल सल्ल्याला आलं. त्र्यंबकरावांनी घसा खाकरला.

"बोट कुठलीही घ्या," ते म्हणाले. "फक्त एक करा. डबा अळणी न्या. तिकडे मीठ भरपूर आहे."

"वा!" अस्वल म्हणालं. "याला म्हणतात अनुभवाचे बोल!"

तात्पर्य : समुद्र बघून आलेल्याला प्रवासाचं कधी विचारू नये, त्याला फक्त समुद्रच माहीत असतो. सल्ला घ्यावा तो घाटावर राहिलेल्याचाच. त्याने सगळ्या बोटी बघितलेल्या असतात.