चढावरचा दाब

गाडी पेट्रोल पीत नव्हती, पेट्रोलने आंघोळ करत होती. बॉनेट उघडं होतं, कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उसळत होतं आणि पाणीसाहेब हातात पाना धरून त्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण थोडं कौतुकही होतं. धार उत्तम होती.

बायकोने आधी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला, मग बाहेर येऊन बॅटरीपासून पंपाकडे जाणारी वायर काढली आणि मग विचारलं, "हे असंच असतं का?"

"नसावं," साहेब म्हणाले. "पण का होतंय ते कळायला हवं."

पाणीसाहेब हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. पण पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. या एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेल्या हजारो अर्जांचा मजकूर एकच होता : दाब कमी आहे. दाब जास्त आहे म्हणून रडत आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यामुळे दाब ही वस्तू जगात मुळातच कमी असते आणि ती वाढवणं हे सज्जनाचं काम आहे, अशी त्यांची धारणा झाली होती.

गाडी सासऱ्यांची. अकरा वर्षं ती गेटच्या आत ठाण मांडून होती. वडिलांची आठवण म्हणून बायकोला त्यांचा फोटो पुरत होता, कारण तिचं अर्धं बालपण ही गाडी ढकलण्यात गेलं होतं. जीव अडकला होता तो साहेबांचा. निवृत्त झाल्यापासून त्यांना दुरुस्त करायला दुसरं काही उरलं नव्हतं. शेवटी बायकोने निकाल दिला : रविवारी गाडी टेकडीवर तिच्या ताईच्या घरी गेली आणि परत आली, तर राहील. नाही तर संध्याकाळी पाचला भंगारवाला येईल. त्याला तिने वेळ देऊनही टाकली होती.

मूळचा पंप फाटला होता आणि तसा आता मिळत नव्हता. मिस्त्रीने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : लहान विजेचा पंप, कार्बोरेटरसाठी. साहेब ती चिठ्ठी खिशात ठेवून दुकानात गेले आणि नव्या गाड्यांना बसतो तो, दुकानातला सगळ्यात दमदार पंप घेऊन आले. नळ्या नव्या घातल्या, क्लिपा आवळल्या. आलेखाच्या कागदावर बाण काढून नकाशाही केला. नकाशात चूक नव्हती.

पेट्रोलची आंघोळ झाल्यावर मिस्त्री आला, त्याने पंप पाहिला आणि कार्बोरेटर उघडला. आतल्या वाटीत एक पोकळ पितळी डबी होती. पेट्रोल वाढलं की ती वर तरंगते आणि एक सुई वर ढकलून येणारी वाट बंद करते. साहेबांनी ती बोटाने दहा वेळा वरखाली करून पाहिली. मिस्त्रीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"साहेब, ही सुई तीन पौंड दाब झेलते. तुमचा पंप चाळीसचा आहे."

"तीन?" साहेबांना वाटलं, आकडा चुकला. "अहो, तीन पौंडांत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही."

"इथे दुसरा मजला नाही, साहेब."

मग मधे दाब आवरणारा एक रेग्युलेटर बसला. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू होता, बाजूला दाब दाखवणारं घड्याळ होतं आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी होती. या नळीमुळे साहेब फार वेळ विचारात पडले. दिलेलं परत घेणारी लाइन त्यांच्या खात्यात कुणी टाकली असती तर मोर्चा आला असता. मिस्त्रीने इंजिन चालू करून काटा तीनवर आणला, नट आवळला आणि सांगितलं की आता याला हात लावू नका. गाडी मांजरासारखी गुरगुरत होती.

रविवारी ती सपाट रस्त्यावर इतकी छान चालली की बायकोने खिडकीची काच खाली घेतली. मग टेकडी आली. साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि पाना काढला.

"काय झालं?"

"काही नाही. चढ आहे. उंचीवर चढवायचं तर दाब वाढवायला हवा." हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं म्हटलं होतं आणि दर वेळी ते बरोबर ठरलं होतं.

काटा सहावर गेला. पहिल्या वळणाला गाडी खोकली. साहेबांना वाटलं, कमी पडतंय. त्यांनी नऊ केला. दुसऱ्या वळणाला मागून काळा धूर निघाला. बारा केल्यावर गाडी बंदच पडली आणि पेट्रोलचा वास सुटला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. साहेब पुन्हा पाना घेऊन वाकले.

"थांबा," बायको उतरली. "ती डबी म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीतला गोळाच ना? पाणी वर आलं की नळ बंद करणारा?"

"तेच तत्त्व."

"तुम्ही आपल्या घराला जादा दाबाची खास लाइन दिलीत तेव्हा तो बंदच होईना. गच्ची वाहिली, खालच्यांच्या गाद्या भिजल्या. आठवतं?"

"पण मग आपोआप थांबलं की."

"आपोआप नाही. दारामागे तुमची खात्याची चावी होती. मी गल्लीतला व्हॉल्व्ह निम्मा बंद केला."

"मग उघडलास केव्हा?"

"कुठे उघडला?"

साहेब दगडावर बसले. त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत एकही पाहुणा त्यांच्या नळाची धार बघितल्याशिवाय परत गेला नव्हता.

बायकोने बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास वास जाऊ दिला. मग त्यांना इंजिन चालू करायला लावलं, स्वतः स्क्रू सैल करत काटा तीनवर आणला, नट आवळला आणि पाना आपल्या पर्समध्ये टाकला. गाडी चढली. ताईने चहा विचारला, तर साहेब हो म्हणाले. एरवी ते आधी तिचा नळ सोडून बघत.

भंगारवाला पाचला आला, तेव्हा गाडी गेटच्या आत गुरगुरत उभी होती. बायकोने त्याला रिकामं पाठवलं नाही. दारामागची लांब दांड्याची चावी त्याच्या हातात दिली. साहेबांनी ते पाहिलं.

ते हात धुवायला मोरीत गेले आणि नळ सोडला. धार मध्यम होती. बादली नेहमीएवढ्याच वेळात भरली.

"अगं," त्यांनी आतून हाक मारली, "दाब..."

"काय झालं दाबाला?"

पुढचा शेरा त्यांनी एकतीस वर्षांत एकाही अर्जावर मारला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि नळ बंद केला.