बिराजदार सरांची सरहद्द

आमच्या शेजारच्या बिराजदार सरांच्या ओट्यावर कोंबडी चढली, तर ते 'हुश्श' म्हणत नाहीत. "व्हायोलेशन ऑफ टेरिटोरियल इंटिग्रिटी!" असं ओरडतात. कोंबडीला हद्दीचं काय कळणार, पण आवाजाला भिऊन पळते बिचारी.

सर उदगीरच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. त्यांच्या मते इंग्रजी शब्दांच्या सोयरिकी आधीच ठरलेल्या असतात. "टेरिटोरियलला इंटिग्रिटीच लागती. इंटर्नलला अफेअर्स. दुसरीच जोडी लावली की संसार मोडला म्हून समज." एकदा दहावीला देशाच्या सार्वभौमत्वावर निबंध शिकवला आणि त्यातल्या जोड्या सरांच्या तोंडात कायमच्या बसल्या. भाजीवालीशी ते घासाघीस करत नाहीत, 'बायलॅटरल टॉक्स' करतात. त्यांच्या घरच्या वादात मी चुकून तोंड घातलं, की लगेच "फॉरेन इंटरफिअरन्स!"

बायकोपुढं, म्हणजे आमच्या काकूंपुढं, मात्र हा सगळा तोरा उतरायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून सर विचारायचे, "परमिशन हाय का?" आतून काकू म्हणायच्या, "पाय धुवून या."

"बघ, सॉव्हरिन पॉवर म्हंत्यात ती ही," असं मला सांगत सर मुकाट्यानं मोरीकडं जायचे.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सरांनी गॅसची शेगडी बाहेरच्या खोलीत आणली. चहा तिथंच, खिचडी तिथंच. उंबरा काही त्यांनी ओलांडला नाही.

परवा त्यांची लेक लातूरहून आली. हातात रिकामं पोतं. "अप्पा, आईचे डबे पोत्यात भरून ठेवते. स्वयंपाकघर अन् मागची खोली भाड्यानं देऊ. तुमाला तेवढीच सोबत."

मलाही ते पटलं. सर उठले आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला दोन्ही हात लावून दारात आडवे उभे राहिले. आता इंग्रजीची तोफ सुटणार म्हणून मी सावरून बसलो. पण इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तिचं हाय ते."

लेकीनं पोतं खाली ठेवलं. मोरीत जाऊन पाय धुतले, बापाच्या हाताखालून वाकून आत गेली आणि काकूंच्या पाटावर बसली. जरा वेळानं आतून आवाज आला, "अप्पा, चहा ठेवायचाय. शेगडी घेऊन या."

सर हलले नाहीत. उंबऱ्याकडं बघत हळूच म्हणाले, "परमिशन हाय का?"

"पाय धुवून या."

सर मोरीत गेले. पाय धुवायला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.