जपानचे दाते

रविवारी सकाळी उमाशंकर मुजुमदारांनी पोह्यांवर शेव पेरली, लिंबू पिळलं आणि पहिला घास उचलला, तोच फोन वाजला. धारहून सीता बोलत होती. सीता म्हणजे त्यांच्या पत्नीची, वासंतीबाईंची मावसबहीण. मुजुमदारांच्या ऋजुतेसाठी धारच्या दात्यांचा अजेय तिनंच सुचवला होता आणि येत्या रविवारी दाते मंडळी देवासला मुलगी पाहायला यायची होती.

"भावजी, स्थळ नको होतं तर मला कानात सांगायचं," सीता रडवेल्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांदेखत अशी बेइज्जती?"

"कसली बेइज्जती?"

"ऋजुतेनं ग्रुपवर काय बोलून पाठवलंय ते ऐका आधी. तात्यासाहेबांनी दोनदा ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला."

तात्यासाहेब म्हणजे अजेयचे वडील. दोन्ही घरांची ओळख वाढावी म्हणून सीतेनं 'धार-देवास बोलणी' नावाचा ग्रुप काढला होता. आजवर त्यात सुप्रभात आणि गुलाबाची फुलं यापलीकडे बोलणी गेली नव्हती. उमाशंकरांनी ग्रुप उघडून बोट ठेवलं आणि लेकीचा खणखणीत आवाज घरभर घुमला.

"भिया, सच बोलू? दाते एक नंबरचा ढोंगी आहे! वरून कसा देवमाणूस. सकाळ-संध्याकाळ पूजा, बोलणं साखरेसारखं. आणि थोरल्या भावाला बिचाऱ्याला अजून वाटतंय, बापाची निशाणी चोरीला गेली! अरे चोरी कसली? यानंच जमिनीत पुरून ठेवलीये. बायकोला सगळं मालूम आहे, पण ती पण चुप. मी तर म्हणते, अकराव्यात दात्याचं मुंडकं उडालंच पाहिजे. नाही उडालं तर मी पाहणंच सोडून देईन."

चमचा उमाशंकरांच्या हातातच राहिला. वासंतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अकराव्याला मुंडकं कसं उडेल? अकरावा तर माणूस गेल्यावर असतो."

"वासंती, मुद्दा तो नाही."

ऋजुता न्हाणीघरात केस धूत होती. तिचा फोन टेबलावरच होता आणि तो उघडायची खूण वासंतीबाईंना ठाऊक होती. निरोप पुसून टाकावा म्हणून त्यांनी त्यावर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? वासंतीबाई जन्मात कधी दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणाऱ्या. लोकांच्या फोनमधलं आपण कसं पुसायचं, असा विचार करून त्यांनी सभ्यपणे 'फक्त माझ्यासाठी' दाबलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळून ऋजुता बाहेर आली आणि तिनं फोन पाहून किंकाळी फोडली.

"आई! आता तो फक्त माझ्याच फोनमधून गेला! बाकी सगळ्यांकडे तसाच आहे आणि आता मलाही पुसता यायचा नाही!"

"पण तू दात्यांना असं बोललीसच का?" उमाशंकर उसळले.

"बाबा, तो दाते जपानी आहे! ॲनिमेतला!"

ऋजुता कोचिंग क्लासमध्ये मुलांना भौतिकशास्त्र शिकवायची आणि आठवडाभर शनिवारची वाट पाहायची. शनिवारी 'ससा आणि सेनापती' या जपानी कार्टून मालिकेचा नवा हप्ता यायचा. रविवारी सकाळी 'धार-देवास जपानी मंडळी' या ग्रुपवर तिच्यासारखी दहा-बारा वेडी माणसं त्यावर मतं मांडायची, भांडायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत रुसायची. आज ऋजुतेनं घाईत 'धार-देवास' एवढंच वाचून मत मांडलं होतं.

"जपानात दाते कुठून आले?"

"तिकडे पण असतं हे आडनाव, बाबा. आमच्यातले अर्धे लोक इंग्रजी स्पेलिंग वाचून त्याला 'डेट' म्हणतात. मी एकटीच शुद्ध उच्चार करते."

"तोच नडला," उमाशंकर म्हणाले.

"कोकणातून गेले असतील समुद्रानं," वासंतीबाईंना अजूनही दात्यांचं कौतुक होतं.

उमाशंकरांची सगळी नोकरी नगरपालिकेच्या नळखात्यात गेली होती आणि पाणी न येण्याचे खुलासे लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला आणि ग्रुपवर लिहिलं : 'सादर नमस्कार. सदर ध्वनिसंदेशातील दाते हे आपण नसून जपानमधील दाते आहेत. त्यांचा व आपला संबंध आहे असे आमचे म्हणणे नाही. मुंडक्याबाबतही गैरसमज नसावा.'

एकेकानं वाचल्याच्या खुणा पटापट उमटल्या. पाच मिनिटांनी सीतेचा फोन आला.

"भावजी, हात जोडते. आता आणखी काही लिहू नका."

मग प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मावाबाटीच्या मिठाईचा डबा घेऊन तिघं गाडीत बसली. वासंतीबाई गाडी चालवत होत्या, कारण उमाशंकर संतापले की त्यांना गिअर सापडत नसत. ते ऋजुतेबरोबर मागे बसले.

"मला दाखव तो जपानी," ते म्हणाले. "तिथे साक्ष द्यायची तर मला माहिती हवी."

ऋजुतेनं पहिला हप्ता लावला आणि त्या अगम्य भाषेचा सारांश ती सांगत गेली. इंदूर येईपर्यंत उमाशंकर तुच्छतेनं पाहत होते. बेटम्याला त्यांनी "तो ससा बोलतो कसा?" असं विचारलं. घाटाबिल्लोदला वासंतीबाईंनी चहासाठी गाडी थांबवली, तर ते खाली उतरेनात.

"थांब गं. पुढचा लाव. अगं, पण यात दात्याची चूक काय? थोरला भाऊच नालायक आहे! बापाची तलवार त्याच्या हातात राहिली असती तर गावाचं वाटोळं केलं असतं त्यानं. दात्यानं पुरली ते बरोबरच केलं."

"बाबा! तो मर्डरर आहे!"

"परिस्थितीनं केलाय त्याला! तुम्हा पोरांना माणूस वाचता येत नाही!"

"अहो, आपण माफी मागायला चाललोय," वासंतीबाई पुढून म्हणाल्या. "आधी एकमेकांत ठरवा, दाते चांगला का वाईट."

ठरलं नाहीच. धारला पोचेपर्यंत बाप-लेकीचं बोलणं बंद झालं होतं.

दात्यांच्या बैठकीत तात्यासाहेब एकटेच बसले होते. सडपातळ, गोरे, कपाळाला गंध. त्यांना पाहताच उमाशंकरांनी गाडीत पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"तात्यासाहेब, झालं ते अनवधानानं—"

तात्यासाहेबांनी उठून दार लोटलं आणि कडी घातली. मग ते ऋजुतेपुढे येऊन हात जोडून उभे राहिले.

"मुली, खरं सांग. तुला हे कोणी सांगितलं?"

"काका, काय?"

"अडकित्त्याचं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आतून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या तात्यासाहेबांच्या पत्नी दारातच मुसमुसू लागल्या. "मी नाही हो सांगितलं कोणाला! देवाशपथ! एकोणीस वर्षं मी चुप आहे!"

मग तात्यासाहेबांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांना संस्थानच्या काळात मोराच्या आकाराचा एक चांदीचा अडकित्ता मिळाला होता. वडिलांमागे तो थोरल्या भावाकडे, बापूसाहेबांकडे आला. ते येता-जाता तो नाचवून दाखवत. एकदा चार दिवस जिरवावी म्हणून तात्यासाहेबांनी तो देवघराच्या फरशीखाली पुरला. पण दुसऱ्याच दिवशी बापूसाहेबांनी पोलिसांत तक्रार दिली. तिसऱ्या दिवशी हाटपिपल्याच्या नृसिंहापुढे शपथ घेतली, की अडकित्ता मिळेपर्यंत दाढी करणार नाही. त्यानंतर 'गंमत केली' असं सांगायला तोंड उरलं नाही. बापूसाहेब वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि भावाभावांचं बोलणं थांबलं.

"आणि तुम्हाला सांगतो मुजुमदार, आज आम्हा दोघांनाही कवळ्या आहेत. सुपारी कोणीच खात नाही."

"तात्यासाहेब, आमची मुलगी तुमच्याबद्दल बोललीच नाही! ते जपानी—"

"वाचलं मी तुमचं पत्र," तात्यासाहेब खचून म्हणाले. "गल्लीबाहेर गोष्ट गेली नव्हती हो. एकदम जपानपर्यंत कशी पोचली?"

इतक्यात दारावर थाप पडली. कडी काढली तर बापूसाहेब उभे. छातीवर पांढरीशुभ्र दाढी, हातात फोन. ग्रुपमध्ये तेही होते, हे आत्ता सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"अकरा वेळा ऐकलं," ते म्हणाले.

तात्यासाहेबांनी देवघरात जाऊन कोपऱ्यातली फरशी उचकटली आणि फडक्यात बांधलेला मोर आणून भावाच्या पायाशी ठेवला. "दादा, चुकलं. मारा मला."

बापूसाहेबांनी मोराकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ऋजुतेवर भडकले.

"पोरी, तुला कोणी पंच नेमलं होतं? मला ठाऊक होतं सगळं! सात वर्षांपूर्वी फरशी बदलली तेव्हा मिस्त्रीनं आधी मलाच दाखवला हा. मीच त्याला परत पुरायला लावला!"

"का?" तात्यासाहेब ओरडले. अबोला मोडून भावाला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"का म्हणजे? दाढीमुळे लोक मला महाराज म्हणतात! पार अमझेऱ्यापासून माणसं पाया पडायला येतात. अडकित्ता मिळाला म्हटलं की दाढी काढावी लागणार. आत काय उरलंय ते मलाच माहीत नाही!"

तात्यासाहेबांना हसू फुटलं. त्यांचं पाहून बापूसाहेबांच्या दाढीतही काहीतरी हललं. दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले आणि वासंतीबाईंनी ती संधी साधून मावाबाटीचा डबा उघडला.

एवढ्यात अजेय आला. पीथमपूरच्या कारखान्यातली सकाळची पाळी संपवून तो घरी पोचत होता आणि पाळीत फोन बंद असल्यानं त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. काका-बाबा शेजारीशेजारी बसून खातायत, हे पाहून तो दारातच खिळला. पाहुण्यांना नमस्कार करायचाही राहिला.

"ये, ये. सगळं हिच्यामुळे झालं," तात्यासाहेब कौतुकानं म्हणाले आणि त्यांनी फोनवर निरोप लावला.

"भिया, सच बोलू? दाते एक नंबरचा..."

दुसऱ्या वाक्याला अजेयचा चेहरा बदलला. तिसऱ्याला तो ओरडला, "बंद करा! बाबा, बंद करा! मी आठव्यावर आहे!"

पण तात्यासाहेबांना फोन लावता येई, बंद करता येत नसे. तलवार जमिनीत पुरली होती, बायकोला सगळं ठाऊक होतं, सगळं बाहेर आलं.

"दात्यानंच पुरली?" अजेय ऋजुतेला म्हणाला. "मला वाटत होतं सशानं."

"तुम्ही पाहता?" ऋजुतेचे डोळे विस्फारले. "पण आठव्यावर कसे? दहा आलेत ना!"

"मी साठवून ठेवतो. दोन-तीन एकदम पाहतो, रविवारी पाळीवरून आलो की. आज पाहणार होतो." त्यानं बाबांचा फोन उपडा ठेवला. "आमच्या खानदानाला तुम्ही काहीही म्हणा. पण कोणी असं सांगून टाकतं का?"

सकाळपासून ऋजुतेला कोणी ना कोणी रागावत होतं आणि तिला एकदाही अपराधी वाटलं नव्हतं. आता मात्र तिला खरोखर रडू आलं.

"सॉरी," ती म्हणाली. "पण एक गोष्ट नाही सांगितली मी. नवव्यात शेवटी एक होतं. ते कळलं ना, तर हे सगळं काहीच नाही."

अजेयनं तिच्याकडे पाहिलं. "मग आत्ता पाहू या?"

"पहिल्यापासून लावा," उमाशंकर घाईघाईनं म्हणाले. "माझे मधले दोन राहिलेत."

टीव्हीवर 'ससा आणि सेनापती' सुरू झालं. दुपारचं जेवण ताटं मांडीवर घेऊन झालं. ऋजुता आणि अजेय आळीपाळीनं मराठीतून अर्थ सांगत होते. एक अडला की दुसरा सांगे. वासंतीबाईंनी तात्यासाहेबांच्या पत्नीला कोपरखळी मारली आणि दोघी समाधानानं हसल्या.

गडबड चौथ्या हप्त्यात झाली.

"हा धाकटा हरामखोर आहे," बापूसाहेब गहिवरून म्हणाले. "थोरल्याचं मन किती मोठं!"

"थोरला घमेंडी आहे," तात्यासाहेब म्हणाले. "येता-जाता तलवार नाचवतो."

"त्याची तलवार आहे, तो नाचवेल!"

"तात्यासाहेबांचं बरोबर आहे," उमाशंकर मध्ये पडले. "दाते परिस्थितीचा बळी आहे."

"मुजुमदार, तुम्ही मुलीकडचे आहात, तुम्ही बोलू नका!"

पाचवा हप्ता संपायच्या आत बापूसाहेब दाढी झटकत वर निघून गेले. एकोणीस वर्षांचा अबोला जेमतेम अडीच तास सुटला होता. अडकित्ता टीपॉयवर तसाच राहिला. ऋजुता आणि अजेय यांना हे कळलंच नाही. ते अंगणात उभे राहून नवव्या हप्त्याबद्दल भांडत होते आणि त्यांचा आवाज आनंदानं चढला होता.

पुढच्या शनिवारी अकरावा हप्ता आला. रविवारी सकाळी सीतेनं 'धार-देवास बोलणी' उघडून पाहिलं, तर सत्तेचाळीस निरोप होते. दात्याचं मुंडकं उडालं ते योग्य की अयोग्य, यावर बापूसाहेबांनी वरच्या मजल्यावरून सहा मिनिटांचं भाषण पाठवलं होतं. तात्यासाहेबांनी खालून नऊ मिनिटांचं उत्तर दिलं होतं. उमाशंकरांचा मुद्देसूद खुलासा होता, अ-ब-क करून. वासंतीबाईंनी सशाचं चित्र टाकलं होतं. अजेय आणि ऋजुता ग्रुप सोडून गेले होते. त्यांचं काय ते आता परस्पर, फोनवर चाललं होतं.

सीतेला राहवेना. तिनं भीतभीत लिहिलं, 'अहो, लग्नाची तारीख कधी काढायची?'

लगेच तात्यासाहेबांचं उत्तर आलं.

'सीताताई, कृपया विषयाला धरून बोला.'